मुंबई-गोवा हायवेवर डीपीएफचा दिवा लागला तर

गणपतीच्या आदल्या आठवड्यात माझ्या गॅरेजसमोर थांबणाऱ्या गाड्यांत पंक्चरवाल्या सगळ्यात जास्त. त्यांच्यामागे तापलेली इंजिनं आणि जळक्या वासाचे क्लच. बीएस-६ (धुराचे कडक नियम) डिझेल गाड्या रस्त्यावर आल्यापासून त्यात आणखी एका प्रकाराची भर पडली आहे: मीटरवर डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, नारिंगी दिवा, पिकअप मेलेला आणि मागच्या सीटवरून प्रत्येकाचा वेगळा सल्ला. माझं गॅरेज कणकवलीच्या अलीकडे, हायवेला लागूनच आहे. मुंबईहून इथवर येणाऱ्या गाडीने वडखळ, माणगाव, संगमेश्वर सगळं सोसलेलं असतं. दिवा बहुधा तिकडेच कुठेतरी लागलेला असतो. मधल्या रस्त्यात माणसाने काय केलं, यावर ठरतं की माझ्याकडे चहा घेऊन पुढे निघायचं की गाडी टोईंगवर चढवायची.

बहुतेकांचं बिनसतं ते एकाच जागी. दिवा दिसला की गाडी बाजूला घेऊन बंद करतात, बॉनेट उघडतात आणि कुणाला तरी फोन लावतात. ऑईलच्या किंवा टेम्परेचरच्या लाल दिव्याला हेच बरोबर आहे. डीपीएफच्या नारिंगी दिव्याला हे उलटं आहे. तो दिवा थांबा म्हणत नाही, जरा पळवा म्हणतो. अट एवढीच की तो नेमका तोच दिवा असायला हवा, आणि तो अजून नुसता लागलेला असायला हवा.

आधी दिवा ओळखा

चित्र साधारण असं असतं: एक चौकोनी डबा, दोन्ही बाजूंना नळी आणि डब्यात ठिपके. काही गाड्या चित्राऐवजी किंवा चित्रासोबत इंग्रजीत संदेश देतात. डॅशबोर्डच्या खणात गाडीचं जे पुस्तक असतं (बहुतेकांच्या गाडीत ते अजून प्लॅस्टिकमध्येच असतं), त्यात या दिव्यावर एक पान नक्की असतं. किती स्पीड, किती वेळ, लुकलुकला तर काय, हे कंपनीगणिक बदलतं. मी इथे सांगतोय ते सगळीकडे साधारण चालतं, पण तुमच्या पुस्तकात वेगळं लिहिलं असेल तर पुस्तकाचं ऐका.

एकटा नारिंगी दिवा, स्थिर, आणि गाडी नेहमीसारखी ओढते आहे: हा प्रसंग तुमच्या हातातला आहे.

नारिंगी दिवा लुकलुकतोय, किंवा सोबत इंजिनचा दिवा लागलाय, आणि पाय दाबला तरी गाडी पुढे सरत नाही: हा नाही. गाडी लिंप मोडमध्ये गेलेली आहे, म्हणजे कॉम्प्युटरने मुद्दाम ताकद कमी केलीय. आता ती पळवून काही साधत नाही, कारण इंजिनचा दिवा लागल्यावर बहुतेक गाड्या फिल्टरमधली काजळी जाळायचं कामच बंद करतात. डाव्या लेनने, हॅझर्ड लावून, हळूहळू वर्कशॉप गाठायचं.

लाल दिवा, किंवा थांबा असा संदेश: सुरक्षित जागा बघून थांबा. यावर चर्चा नको.

आणखी एक घोटाळा दर हंगामात होतो. डीपीएफ आणि डीईएफ ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. डीईएफ म्हणजे पंपावर कॅनमध्ये मिळतं ते युरियाचं पाणी, ३२.५ टक्के युरिया. त्याची टाकी वेगळी, झाकण वेगळं, दिवा वेगळा. सगळ्या डिझेल गाड्यांना ते लागतही नाही. डीपीएफचा दिवा बघून माणूस धावतपळत डीईएफचा कॅन घेऊन येतो आणि मग ओतायचा कुठे म्हणून विचारतो. डिझेलच्या टाकीत ओतलात तर डीपीएफ राहील बाजूला, पंप आणि इंजेक्टरचं बिल हातात येईल.

आत काय चाललंय

थोडक्यात सांगतो, कारण हे कळलं की पुढचं सगळं पाठ करावं लागत नाही.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम काजळीची मुभा होती, ती ४.५ वर आली. नुसतं इंजिन सुधारून हे जमत नाही, म्हणून सायलेन्सरच्या वाटेवर फिल्टर बसला. बऱ्याच गाड्यांत तो खाली नसतो, टर्बोला (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याला) लागूनच बॉनेटखाली असतो. आत सिरॅमिकची जाळी असते. तिच्यातल्या बारीक नळ्या एक सोडून एक टोकाला बुजवलेल्या असतात, म्हणजे धुराला भिंतीतून पाझरूनच बाहेर जावं लागतं. धूर जातो, काजळी अडकते.

अडकलेली काजळी गाडीनेच अधूनमधून जाळायची असते. हायवेवर ओझ्याखाली इंजिन चाललं की धूर २५०-३५० अंशांवर जातो आणि थोडी थोडी काजळी आपसूक जळत राहते. तेवढ्याने भागलं नाही तर काही शे किलोमीटरनंतर कॉम्प्युटर स्वतः कामाला लागतो. सिलिंडरमध्ये जाळ होऊन गेल्यावर थोडं जास्तीचं डिझेल सोडतो, ते धुराच्या वाटेवर फिल्टरच्या आधी असलेल्या कॅटॅलिस्टमध्ये जाऊन पेटतं आणि फिल्टर ६०० अंशांच्या आसपास तापतो. दहा-वीस मिनिटांत काजळी साफ. याला आम्ही रिजन म्हणतो. रिजन चालू आहे हे गाडी तुम्हाला सहसा सांगतही नाही.

आता गणपतीचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. वर्षभर गाडी घरापासून स्टेशनपर्यंत, शाळेपर्यंत, भाजी मंडईपर्यंत फिरली. इंजिन धड गरम व्हायच्या आत बंद. फिल्टर आधीच अर्धा भरलेला. त्यात सातजण, टपावर सामान, आणि पळस्पे सोडल्यापासून पहिला-दुसरा गिअर. एसी चालू ठेवून तासन्‌तास जागेवर. आयडलला धूर इतका थंड असतो की काजळी जळायचं नावच नाही, नुसती साठत जाते. कॉम्प्युटर रिजन सुरू करतो, तेवढ्यात कुणाला तरी पेणला वडापाव हवा असतो. पुन्हा सुरू करतो, तर कोलाडला चहा. काही वेळा असा प्रयत्न फसला की मग तो दिवा लावतो. म्हणजे दिवा ही पहिली तक्रार नाही. गाडीने आधी गुपचूप प्रयत्न करून झालेत.

गाडी पळवायच्या आधी तीन गोष्टी बघा

डिझेल. टाकी रिझर्व्हला आली की बऱ्याच गाड्या रिजन करतच नाहीत, कारण त्यात डिझेल जास्त जातं. पाव टाकीच्या वर असू द्या. नसेल तर आधी पंप.

इंजिनचं तापमान. काटा नेहमीच्या जागेवर यायला हवा. सकाळी मुक्कामाच्या गावाहून निघाल्या निघाल्या लगेच फिल्टर साफ होत नसतो.

आणि ऑईल. हे कुणी बघत नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक रिजनमध्ये जास्तीच्या डिझेलचा थोडा भाग सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑईलमध्ये उतरतो. एक-दोनदा झालं तर काही बिघडत नाही. पंधरा-वीसदा झालं की डिपस्टिकवर (ऑईल मोजायच्या पट्टीवर) ऑईल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसतं. लोक खूश होतात, गाडी ऑईल खात नाही म्हणतात! सपाट जागेवर गाडी लावा, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला. पातळी वरच्या खुणेच्या बरीच वर असेल, ऑईल पाण्यासारखं ओघळत असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर गाडी पळवू नका. पातळ ऑईलने बेअरिंग आणि टर्बो जातात. त्याहून वाईट म्हणजे, पातळी फारच वर गेली तर इंजिन स्वतःचं ऑईल ओढून पेटवू लागतं, रेस आपोआप चढते आणि चावी बंद केली तरी इंजिन बंद होत नाही. अशा गाडीचं आधी ऑईल बदलायचं, मग फिल्टरचं बघायचं.

कुठे पळवायची

तिन्ही गोष्टी ठीक असतील तर आता रस्ता हवा. साधारण वीस-पंचवीस मिनिटं ब्रेक न लावता जाता येईल असा. घाईने जायचं नाही, एकसारखं जायचं. साठ-सत्तरच्या वर आणि आरपीएम २००० ते २५०० च्या मध्ये. सहा गिअरची गाडी सत्तरला सहाव्यात टाकलीत तर आरपीएम दीड हजाराच्या आसपास घुटमळतो, म्हणून गिअर खाली घ्या, चौथा किंवा पाचवा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल किंवा स्पोर्ट मोडमध्ये घालून आरपीएम वर धरा. पाय पूर्ण सोडून गाडी उतारावर घरंगळू देऊ नका. पाय सोडला की इंजिनात डिझेल जात नाही, नुसती हवा जाते, आणि तापत आलेला फिल्टर परत गार होतो. रेस बडवायचीही गरज नाही. काही जण चार हजारावर गाडी ओरडवत येतात, वाटेत एसटीच्या मागे घुसतात, करकचून ब्रेक मारतात. एवढं करून दिवा आहे तिथेच.

या रस्त्यावर अशी जागा कुठे, हे सांगतो. रस्ता दरवर्षी बदलतो, तेव्हा आपल्या डोळ्यांनीही बघा.

पनवेल ते माणगाव यात प्रयत्नच करू नका. मोकळा पट्टा मिळतो, पण पाच-सात मिनिटांत पुढे लाल दिव्यांची रांग दिसते आणि अर्धवट रिजनमध्ये आणखी एकाची भर पडते. दिवा तिथे लागला तर शांतपणे चालवत राहा. दिवा स्थिर आहे तोवर पन्नास-शंभर किलोमीटर गेल्याने काही फुटत नाही. माणगाव सुटलं की लोणेरे, महाड, पोलादपूर हा पट्टा रुंद आणि बराचसा मोकळा आहे, तिथे पहिली संधी. पुढे कशेडीचा बोगदा येतो. बोगद्यात थांबायचं नाही, उगाच रेसही करायची नाही. खेड ते लोटे बरं आहे, पण परशुराम घाट आणि चिपळूण लगेच येतात, वेळ पुरत नाही. चिपळूण ते हातखंबा सोडून द्या, तिथे ज्याने त्याने आपली कंबर सांभाळावी.

खरी जागा आमच्या सिंधुदुर्गात. खारेपाटणपासून झारापपर्यंत चौपदरी सलग आहे. नुसतं कणकवली ते कुडाळ धरलं तरी तीस-पस्तीस किलोमीटर होतात. माझ्याकडे स्थिर दिवा घेऊन येणाऱ्याला मी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचायचं यंत्र) लावून बघतो आणि काही गंभीर नसेल तर सांगतो, "कुडाळपर्यंत पाचवा गिअर, सत्तर-पंचाहत्तर, मध्ये थांबायचं नाही. तिथून फोन करा." वाटेत गावांकडे वळणारे कट आहेत, गुरं आडवी येतात, स्कूटरवाले उलट्या बाजूने येतात. फिल्टरसाठी कुणाला उडवायचं नाही. गर्दी लागली तर सोडून द्या, पुढे पुन्हा करता येतं. पाऊस धो-धो असेल तरीही तसंच.

पुण्याकडून कोल्हापूर-राधानगरी करत फोंडा घाटाने येणाऱ्यांना वेगळी गोष्ट सांगायची आहे. दिवा कोल्हापूरच्या अलीकडे लागला असेल तर तिकडे हायवेवरच काम उरकून घ्या. राधानगरीचा रस्ता वळणांचा, आणि घाट उतरताना तर इंजिन ओझ्याशिवाय फिरतं, म्हणजे फिल्टर गारच. उतरून आल्यावर कणकवलीला हायवे आहेच, पण तोवर दिवा लुकलुकायला लागलेला नको.

झालं हे कसं ओळखायचं

दिवा आपोआप जातो. पण लगेच थांबू नका, पाच मिनिटं तशीच चालवा. काही गाड्यांत दिवा गेल्यावरही आतलं काम थोडा वेळ चालू असतं.

दिवा नसतानाही रिजन चालू आहे हे समजण्याच्या खुणा आहेत. एकदा लक्षात आल्या की आयुष्यभर उपयोगी पडतात. जागेवर उभी असताना आरपीएम नेहमीच्या आठशेऐवजी हजाराच्या आसपास. रेडिएटरचा पंखा उगाचच जोरात. स्क्रीनवरचं चालू ॲव्हरेज एकदम पडलेलं. सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी बंदच होत नाही. आवाज जरा घोगरा, आणि उतरल्यावर तापलेल्या लोखंडासारखा वास. हा वास आला की लोकांना वाटतं वायरिंग जळतंय, आणि माझा फोन वाजतो.

चहाला थांबायच्या आधी एवढं बघायची सवय लावा. खुणा दिसल्या तर चहा दहा मिनिटं पुढच्या टपरीवर. मागच्या सीटवरचे कुरकुरतील, कुरकुरू द्या. अगदीच थांबावं लागलं, लहान पोर आहे, कुणाला उलटी होतेय, तर खुशाल थांबा. एका रिजनने काही होत नाही, कॉम्प्युटर नंतर पुन्हा सुरू करतो. दरवेळी तोडत राहिल्याने होतं.

काम झालं की गाडी बंद करण्याआधी दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवा, टर्बो तापलेला असतो. उभी कुठे करताय तेही बघा. गणपतीत सगळं ओलं असतं म्हणून निभावतं. मे महिन्यात हीच गाडी काजूच्या बागेत वाळक्या पाल्यावर किंवा खळ्यात पेंढ्याजवळ लावलीत तर आग लागू शकते. लहान मुलांना सायलेन्सरच्या टोकाशी जाऊ देऊ नका.

दिवा गेला नाही तर

अर्धा तास नीट चालवूनही दिवा राहिला, तर आणखी एकदा, फार तर. तिसऱ्यांदा नको. फिल्टरमध्ये काजळी फार साठली की कॉम्प्युटर रिजन नाकारतो, आणि ते बरोबरच आहे. एवढी काजळी एकदम पेटली तर आतलं तापमान हजार अंशांच्या वर जाऊन सिरॅमिक तडकतं किंवा वितळतं. मग साफ करायला काही उरतच नाही. काही गाड्यांत नवा फिल्टर लाखाच्या घरात जातो.

आता गाडीच्या कंपनीचं वर्कशॉप किंवा स्कॅनर असलेला माणूस. आमच्याकडे गाडी उभी ठेवून स्कॅनरने जबरदस्तीचं रिजन लावता येतं. पण ते कसं करतात हे तुम्हालाही माहीत हवं, म्हणजे समोर चुकीचं चाललं असेल तर तुम्ही थांबवाल. आधी एरर कोड वाचायचे. पी २४६३ म्हणजे काजळी जास्त साठली. पी २४५२ पासून पी २४५५ पर्यंतचे कोड प्रेशर सेन्सरचे, त्यात फिल्टर निर्दोषही असू शकतो. पी २००२ आला तर फिल्टर काम करत नाही असा कॉम्प्युटरला संशय आहे, तिथे जाळून भागणार नाही. मग ऑईलची पातळी. मगच रिजन, तेही उघड्यावर. बंद शेडमध्ये नाही, पत्र्याला टेकून नाही, खाली गवत नाही, जवळ आग विझवायचा सिलिंडर. गाडी आपली आपण रेस धरते, वीस ते चाळीस मिनिटं मागून भट्टीचा झोत येतो, सुरुवातीला पांढरा धूरही येतो. कोड न वाचता, डिपस्टिक न काढता कुणी थेट रिजनचं बटण दाबत असेल तर हात धरा. आणि नंतर ऑईल बदलायचं की नाही हे विचारा. पातळ झालं असेल तर बदलायचंच.

जागेवरून हलण्यासारखीच नसेल तर कंपनीची रोडसाईड मदत, इन्शुरन्समध्ये टोईंग घेतलं असेल तर ती, आणि राष्ट्रीय महामार्गाची हेल्पलाईन १०३३. गाडी वळणावर बंद पडली असेल तर माणसं आधी गार्डरेलच्या पलीकडे. त्रिकोण बराच मागे ठेवा, पावसात आणखी मागे.

जे करू नका

टाकीत ओतायच्या बाटल्या. त्यांनी काजळी थोड्या कमी तापमानाला जळते, एवढा थोडाफार उपयोग होतो. स्थिर दिव्याला बाटली ओतून हायवेला गेलात आणि दिवा गेला, तर काम बाटलीने केलं की हायवेने हे ठरवता येत नाही. मी हायवेला गुण देतो, तो फुकट आहे. लुकलुकणाऱ्या किंवा लाल दिव्याला बाटली म्हणजे पैसे पाण्यात.

फिल्टर काढून गाडी धुवायच्या प्रेशर पंपाने धुणं, आत रॉकेल ओतणं, ॲसिड ओतणं. वरून स्वच्छ दिसतो, आतली जाळी आणि तिच्यावरचा मौल्यवान धातूंचा लेप दोन्ही जातात. फिल्टर बाहेर काढून शास्त्रशुद्ध साफ करणारे आहेत, त्यांच्याकडे वेगळी यंत्रं असतात. हायवेवरच्या सर्व्हिसिंग सेंटरचं ते काम नाही, माझंही नाही.

आणि फिल्टर पोकळ करून कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलून देणारे. "कटकट कायमची मिटवतो" असं सांगतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल करता येत नाही, वॉरंटी जाते, आणि गाडी विकताना अडकते. शिवाय तो काळा धूर मागच्या स्कूटरवाल्याच्या नाकात जातो. माझ्याकडे हे काम मागायला येतात, मी परत पाठवतो.

दिवा पुन्हा पुन्हा लागत असेल तर

फिल्टर साफ झाला आणि दोनशे-तीनशे किलोमीटरमध्ये, तेही हायवेवर, दिवा परत लागला, तर दोष फिल्टरचा नसतो. काजळी जास्त तयार कुठे होतेय ते शोधायला हवं. टर्बोचा पाईप फाटलेला, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलेला, इंजेक्टर गळका, एअर फिल्टर धुळीने बुजलेला. आमच्या लाल मातीत हे शेवटचं फार होतं आणि सगळ्यात स्वस्तात सुटतं.

दुसरं कारण आहे राख. चुलीत लाकूड जळतं, राख उरते आणि ती राख परत जळत नाही. फिल्टरमध्येही तसंच. काजळी रिजनने जाते, पण इंजिन ऑईलमधल्या रसायनांची राख कायम राहते आणि वर्षानुवर्षं साठत जाते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑईल लागतं, डब्यावर सी-२ किंवा सी-३ असं लिहिलेलं. तुमच्या गाडीला कुठलं ते पुस्तकात आहे. प्रवासात ऑईल कमी झालं आणि टपरीवर फक्त ट्रकचं सीआय-४ मिळत असेल, तर इंजिन वाचवायला अर्धा लिटर घाला, काही आभाळ कोसळत नाही. पण घरी पोचल्यावर सर्व्हिसिंगवाल्याला सांगा आणि पुढच्या ऑईल बदलाची वाट बघत बसू नका.

तिसरं कारण खास कोकणातलं: उंदीर. फिल्टरच्या आधी आणि नंतर असे दोन बारीक पाईप प्रेशर सेन्सरकडे जातात, दोन्हीकडच्या दाबातला फरक बघून कॉम्प्युटर ठरवतो फिल्टर किती भरलाय. गावी पाच दिवस गाडी माडाखाली उभी राहिली, उंदराने रबरी पाईप कुरतडला, की सेन्सर वाट्टेल ते सांगतो. विसर्जन करून माणूस मुंबईला निघतो आणि ओरोसला दिवा. "येताना काय नव्हता, आता अचानक काय झाला?" म्हणून विचारतात. असं झालं तर आधी बॉनेट उघडून, इंजिन थंड असताना, तिथे दात लागलेत का बघा. पाईप काही शे रुपयांचा असतो. तो न बघता फिल्टरच बदलायला सांगणारेही भेटतात. गावी पोचल्यावर दोन दिवसांआड बॉनेट उघडून ठेवलं आणि गाडी पेंढ्यापासून, भाताच्या कणगीपासून लांब लावली तर हा त्रास बराच कमी होतो.

निघायच्या आधी

प्रवासाच्या आदल्या आठवड्यात एकदा गाडी मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास नेऊन आणा. ठाणे-डोंबिवलीकरांनी पहाटे नाशिक हायवे धरावा, भिवंडी बायपासच्या गर्दीपलीकडे. पुण्यात राहणाऱ्यांनी सातारा रोड. फिल्टर रिकामा असताना वडखळची रांग सहज पचते. ब्लूटूथचं छोटं ईएलएम ३२७ यंत्र स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावलं तर बऱ्याच गाड्यांत फिल्टर किती भरलाय हे मोबाईलवर दिसतं. सगळ्या गाड्या तो आकडा देत नाहीत, पण देणारी असेल तर अंदाजावर चालायला नको. रांगेत गाडी बराच वेळ हलणारच नसेल आणि रिजनच्या खुणा दिसत नसतील तर इंजिन बंद करून काचा खाली घ्या.

आणि दिवा लागलाच तर एका कागदावर किंवा मोबाईलमध्ये चार गोष्टी टिपून ठेवा: दिवा कुठे लागला आणि तेव्हा मीटरवर किती किलोमीटर होते, स्थिर होता की लुकलुकत होता, त्यानंतर किती वेळ सलग चालवली, आणि डिपस्टिकवर ऑईल कुठे होतं. माझ्यासारख्याचा निम्मा वेळ "तसं काही विशेष नाही, अचानकच लागला" यातून हे काढण्यात जातो. बॅटरीचं टर्मिनल काढून दिवा घालवून आणू नका. टर्मिनल काढल्याने कोड पुसले जाऊ शकतात, काजळी आहे तिथेच राहते, आणि मला मात्र शून्यापासून शोधावं लागतं.